बब्रुवानच्या डोळ्यांवरची साय

आमच्या गावात ‘फॅट’ हा शब्द बाहेरचा आहे असं कुणाला वाटत नसे. म्हशीला शिंगं असतात तशी दुधाला फॅट असते, आणि ती ‘लागते’. सकाळी दूध सोसायटीच्या दारात बायका एकमेकींना विचारायच्या, “आज किती लागली गं?” कुणाला सात लागायची, कुणाला साडेसहा. ज्याला पाच लागे त्याला भाव कमी, मग तो दिवसभर तिरसट वागायचा, आणि त्याचा राग म्हशीवर न निघता बब्रुवानवर निघायचा, कारण फॅट लावणारा तोच.

गाव माकणीच्या अलीकडचं. माझे यजमान तिथे ढोरांचे डॉक्टर होते. ते गेल्यावरही मी तिथेच राहिले; एक म्हैस ठेवली आणि सोसायटीची सभासद झाले. लोक मला डाक्टरीणबाई म्हणत. मी शिकले सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात. तिथल्या सिस्टर आमचं बोलणं ऐकायच्या आणि नखं बघायच्या. खरं काय ते नखं सांगतात, असं त्यांचं मत. ती सवय मला लागली ती लागलीच. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याचे हात, पाय, चपला मी आधी बघते, आणि संशय मला सगळ्यांचाच येतो. रोज रात्री तारीख घालून चार ओळी लिहिते, त्यात निम्मे संशयच असतात.

बब्रुवानकडे बघितलं की संशय यायला जागाही होती. माणूस किडकिडीत, गालफडं बसलेली, पण दोन्ही पापण्यांवर नाकाच्या बाजूला पिवळसर जाड पट्टे. तापल्या दुधावर साय धरावी आणि कुणी ती बोटानं उचलून डोळ्यांवर लावावी, तसे.

त्याचा बाप दगडोबा. छप्पन साली धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यानं घरातले देव टोपलीत भरून तेरणेच्या डोहात सोडले होते. त्यानंतर दुसऱ्या वर्षी, ऐन सुगीत, खळ्यावर पाटी उचलताना छाती धरून तो खाली बसला आणि उठलाच नाही. चाळिशीही नीट उलटली नव्हती. “त्यानं देवाला बुडीवलं, देवानं त्येला बुडीवलं,” असं गाव म्हणालं, आणि पुढे पंचवीस वर्षं म्हणत राहिलं. बब्रुवान तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. त्यानं कुणाशी वाद घातला नाही. सातवी झाला, बहात्तरच्या दुष्काळात दगड फोडले, आणि सोसायटी निघाली तेव्हा दूध संघाचं शिक्षण घेऊन नमुने तपासायला लागला.

त्याला ही नोकरी कशी मिळाली तीही एक गंमतच. दुधाला त्याचा हात लागावा का, यावर सभासदांची बरीच कुजबूज झाली. मग अध्यक्ष आण्णासाहेबांनी तोड काढली. दूध मोजायचं आणि क्यानमध्ये ओतायचं माणिकप्पानं, म्हणजे सोसायटीच्या चिटणीसानं. बब्रुवाननं फक्त माणिकप्पा काढून देईल तो नमुना तपासायचा. काचेच्या नळीत तेजाब घालायचं, त्यावर नमुना, मग नळ्या हातानं फिरवायच्या यंत्रात लावून गरगरा फिरवायच्या. तेजाबात सगळं दूध जळतं आणि तेवढी फॅट पिवळी होऊन वर तरंगते. “जळून जाणाऱ्या दुधाला इटाळ कसला!” असं आण्णासाहेब म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं.

त्र्याऐंशी सालचा उन्हाळा कडक होता. पाऊस आदल्या वर्षीही धड नव्हता. वैरण मिळेना. लोक जनावरांना उसाचं वाढं, बाभळीच्या शेंगा, मिळेल ते घालत होते. दूध आटलं, आणि जे निघत होतं त्याला फॅट लागेना. साताची पाच झाली. माझ्याही म्हशीची झाली. आता चारा नाही तर फॅट कुठून येणार, हे माझे यजमान असते तर त्यांनी समजावून सांगितलं असतं. पण खरं सांगायचं तर मलाही ते तेवढ्यावर पटत नव्हतं. सोसायटीत कुणीतरी काहीतरी करतंय, असा वास मला येत होता. कोण, ते कळत नव्हतं.

अशात एके सकाळी यंत्र फिरवता फिरवता बब्रुवान थांबला. दांडा सोडून त्यानं डाव्या हातानं खांब धरला. कपाळावरून घाम ओघळला. “छातीवर कुणी दगड ठिवलाय जणू,” म्हणाला. त्याला दूध संघाच्या गाडीत घालून सोलापूरला नेलं. सोबत माणिकप्पा गेला.

माणिकप्पा संध्याकाळच्या यष्टीनं परत आला, आणि उतरल्या उतरल्या पारावर बोलता झाला.

“डाक्टरनं रगात तपासलं. म्हणले, ह्येच्या रक्तात फॅट लई हाय.”

“काय लई हाय?”

“फॅट. डाक्टरच्या तोंडचा शब्द हाय, माझा न्हाय. म्हणले, दूध-तूप, साय, समदं बंद करा.”

मग सारजाबाई, जिच्या म्हशीला सगळ्यात कमी लागत होती, ती म्हणाली, “बघा बया! आमच्या दुधाला लागंना, आन् ह्येच्या रगताला लागली!”

एवढं वाक्य पुरलं. रात्रीच्या जेवणापर्यंत गावानं सगळं जुळवून टाकलं. पापण्यांवरची साय तर रोज दिसतच होती! जागच्या जागी पुरावा. नमुन्याचं उरलेलं दूध कुठे जातं? दुपारी दार लावून आत हा काय करतो? ज्या दुधाला त्याचा हात चालत नव्हता, त्याच दुधाची साय त्याच्या पोटात गेली असं आता सगळे म्हणू लागले, आणि या दोन गोष्टी एकमेकींशी कशा जुळतात हे कुणी विचारलं नाही.

आठवड्यानं बब्रुवान परत आला, तेव्हा सोसायटीच्या ओसरीवर सभा भरलेली. मीही होते. आण्णासाहेब खुर्चीवर, बाकी सभासद सतरंजीवर, बब्रुवान पायरीपाशी उभा.

आण्णासाहेब शांतपणे बोलत. शांत बोलणाऱ्या माणसाच्या चपला मी जास्त नीट बघते. त्यांच्या कोऱ्या करकरीत होत्या.

“बब्रुवान, आमी तुला चोर म्हणत न्हाय. गाव म्हणतंय. तू बेलभंडार उचल. आई भवानीची आन घेऊन म्हण, की म्या सोसायटीच्या दुधाला तोंड लावलं न्हाय. झालं. इषय मिटला.”

समोर ताटलीत बेलाची पानं आणि हळद मांडून ठेवलेलीच होती. आमच्या भागात याच्यापुढे पुरावा नाही. खोटा माणूस बेलभंडार उचलत नाही, उचलला तर टिकत नाही.

बब्रुवान ताटलीकडे बघत राहिला.

“आण्णासाहेब, मला ही आन घेता येत न्हाय.”

“का?”

“आमी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. ह्या देवाची आन मला चालत न्हाय. चोरी करणार न्हाय, खोटं बोलणार न्हाय, ह्यापण त्यातल्याच प्रतिज्ञा हायत. त्याच पुन्ना म्हणतो की.”

“तुझ्या प्रतिज्ञा तुझ्यापाशी,” सारजाबाई म्हणाली. “आमाला काय म्हाईत, त्या मोडल्यावर काय हुतंय?”

मागून कुणीतरी बोललं, “बापाला इचार की काय हुतंय!”

लोक हसले. बब्रुवानचा चेहरा जळालेल्या नमुन्यासारखा काळवंडला. आण्णासाहेबांनी त्याला अमावास्येपर्यंत मुदत दिली. तोवर बेलभंडार उचलला नाही तर काम बंद. आणि काम बंद होण्यापेक्षा वाईट म्हणजे, ‘सोसायटीची साय खाल्लेला’ हे नाव त्याला जन्मभर चिकटणार होतं, आणि त्याच्या पोरींनाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या ओट्यावर आला. सोबत एक बाई होती, त्याच्याचसारखी किडकिडीत. त्याची धाकटी बहीण भिमाबाई. ती माकणीच्या धरणावर मातीच्या कामाला होती, तिथेच पालात राहायची. भावाची बातमी ऐकून पायी आली होती.

“बाई, तुमाला डाक्टरी भाषा कळती,” बब्रुवान म्हणाला. “तुमी माझ्यासंगट एकडाव सोलापूरला चला. रक्तात फॅट म्हंजी काय, ते मला नीट इचारा. मला माणिकप्पाचं खरं वाटत न्हाय, आन् डाक्टरचं कळत न्हाय.”

मी लगेच हो म्हटलं नाही. आधी नीट बघितलं. भिमाबाई उकिडवी बसून तांब्यातलं पाणी पीत होती. तिच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. टाचेच्या मागची जी शीर पोटरीकडे जाते ती माणसाची बोटाएवढी असते. हिची मनगटाएवढी जाड, गाठाळ, दोन्ही पायांची. मग मी तिच्या पापण्या पाहिल्या. नाकाच्या बाजूला पिवळे पट्टे.

माझ्या मनात पहिलं आलं ते असं की हा बहिणीलाही साय पोचवतो.

“काय बघलालाव बाई माझ्या पायाकडं?” भिमाबाईनं विचारलं.

“दूध किती घेता घरी?”

“आमी?” ती हसली. “पालात म्हस बांधू व्हय? पाव्हणा आला तर शेळीचं पळीभर मागून आणतो चहात घालाया. न्हायतर कोराच.”

“आणि ह्या टाचा?”

“ह्या न्हानपणापासनं हायत. आमच्या बाच्याबी हुत्या. त्येला गावात ‘घोड्याच्या टाचंचा दगडोबा’ म्हणायचे. घरी आय चिडवायची, नाल ठोकून आणा म्हणायची.”

“बब्रुवान, तुझं धोतर वर कर,” मी म्हटलं.

त्यानं केलं. त्याच्याही तशाच.

ज्या वर्षी भिमाबाईच्या टाचा जाड झाल्या त्या वर्षी आमच्या तालुक्यात दूध सोसायटी नव्हती. मग मात्र मी म्हटलं, चला सोलापूरला. तिघंही जाऊ.

सोलापूरचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी दोघांच्या टाचा चाचपल्या, डोळ्यांच्या बुबुळाभोवतीचं पांढुरकं कडं बघितलं, भिमाबाईचं रक्त तपासून घेतलं. मग एका कागदावर त्यांनी मोठा गोल काढला आणि त्याच्या कडेला छोटे छोटे आकडे, कपडे अडकवायला असतात तसे.

ते म्हणाले, आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. एक प्रकारचा स्निग्ध पदार्थ, कोलेस्टेरॉल, प्रत्येक पेशीला लागतो. तो रक्तातून पुड्या बांधल्यासारखा फिरतो. पेशीच्या भिंतीवर हे आकडे असतात. पुडी आली की आकडा तिला पकडतो आणि आत घेतो. हे आकडे कसे बनवायचे याची कृती आपल्याला जन्मतः मिळते, एक आईकडून, एक बापाकडून. या दोघांना बापाकडून आलेली कृती चुकीची आहे. त्यामुळे आकडे निम्मेच. पुड्या रक्तातच राहतात, आणि जिथे जागा सापडेल तिथे साचतात. पापणीत, टाचेच्या शिरेत, आणि हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांत.

माझा विश्वास लगेच बसत नाही. मी विचारलं, “आईकडची कृती चांगली आहे ना? मग ती का चालत नाही?”

“चालते की. म्हणूनच हे दोघं आज इथे बसलेत. दोन्ही कृती चुकीच्या आल्या असत्या तर शाळकरी वयातच सगळं संपलं असतं.”

“पण खाण्यात नाही तर येतं कुठून?”

“यकृत बनवतं. तुम्ही कोरडी भाकरी खा, तरी बनवतं. खाण्यानं भर पडते, पण मूळ दोष खाण्याचा नाही.”

बब्रुवान कागदाकडे एकटक बघत होता. “म्हंजी असं म्हणा साहेब, गाडी दूध घेऊन सेंटरला आली, पर उतरून घ्यायला माणसंच निम्मी. मंग उरल्यालं क्यान रस्त्यावर.”

डॉक्टर म्हणाले, “अगदी तसंच.”

“आन् माझा बा... त्यो खळ्यावर गेला, ते ह्यानंच?”

“टाचा अशा होत्या म्हणता ना? मग बहुतेक ह्यानंच.”

“ते कवापासनं हुतं त्येच्यात?”

“जन्मल्यापासून.”

बब्रुवाननं तो कागद उचलून मांडीवर घेतला. मग अगदी हळू, जणू खोलीत आणखी कुणी ऐकत असावं तसा, म्हणाला, “म्हंजी देव सोडले म्हणून न्हाय.”

डॉक्टरांना काही कळलं नाही. ते आपले विडी बंद करा, तूप-साय खाऊ नका, छाती दुखली की थांबा, असं सांगत राहिले. नेमकं औषध तेव्हा त्यांच्यापाशी नव्हतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. पोरींपैकी निम्म्यांना हे असू शकतं, हेही सांगितलं. पण बब्रुवान रडत होता आणि त्याच वेळी त्याचा चेहरा मोकळा होत होता. पंचवीस वर्षं गाव जे म्हणत होतं ते त्यालाही आतून खरं वाटत होतं, हे मला तेव्हा समजलं. ज्या प्रतिज्ञांनी बाप मारला असं त्याला वाटत होतं, त्याच प्रतिज्ञांसाठी तो बेलभंडाराला नाही म्हणाला होता.

यष्टीत भिमाबाईनं त्याला कोपरानं ढोसलं. “डाक्टर म्हणतुया साय सोड. आपुन धरली कवा हुती, सोडायला?”

घरी गेल्यावर त्यानं थोरल्या पोरीला, शिवकांताला, समोर बसवून तिच्या टाचा चाचपल्या, असं त्याची बायको कडूबाई मला म्हणाली. तिच्या बारीक होत्या. धाकटीच्या बघायचा त्याला त्या दिवशी धीर झाला नाही.

अमावास्येला पुन्हा सभा. ताटली तशीच मांडलेली. मी उठून डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आकडे, पुड्या, कृती, सगळं. लोक ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. माणिकप्पा पुटपुटला, “बाई शिकल्याली हाय. शिकल्याल्याला समदं सांगता येतंय.” शिक्षणाचाही संशय येतो लोकांना, आणि तो अगदीच चुकीचा असतो असं मी म्हणणार नाही.

आण्णासाहेबांनी ताटली पुढे सरकवली. “बब्रुवान, काय ठरलं?”

बब्रुवान बोलायच्या आत भिमाबाई पायरी चढून ओसरीवर आली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. तिनं चपला काढल्या, लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं आणि सगळ्यांकडे पाठ करून उभी राहिली.

“बघा. नीट बघा. ह्या टाचा माझ्या भावासारक्या हायत का न्हाईत? आन् हे डोळं?” ती वळली. “माझ्या पालात म्हस न्हाय, शेळी न्हाय. तुमची सोसायटी कुटल्या दिशेला त्वांड करून हाय, ते मला आज कळलं. मंग मी कुणाची साय खाल्ली? सांगा की! सारजाबाई, तुमची खाल्ली का?”

सारजाबाई पदर सावरू लागली.

“आन् माझा बा? त्येच्या टाचा तर तुमी समद्यांनी बघितल्यात. कोंडिबातात्या, तुमीच नाव पाडलं हुतं की, घोड्याच्या टाचंचा म्हणून. त्येच्या येळंला सोसायटी हुती? त्यानं कुणाची खाल्ली?”

कोंडिबातात्या गावातले सगळ्यात म्हातारे. त्यांनी डोळे बारीक करून तिच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, “व्हय की रं. दगडोबाचीच टाच ही. हुबेहूब.”

माझं सगळं सोलापूर जिथे फुकट गेलं तिथे ही टाच चालली. कुणीतरी ताटली उचलून आत नेली. बब्रुवाननं बेलभंडार उचलला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राचा दांडा पुन्हा त्याच्या हातात होता.

पुढच्या आठवड्यात एक गोष्ट घडली. मी दूध घालायला गेले असताना आण्णासाहेबांच्या घरून पितळी लोटा आला, वर फडकं बांधलेलं. भरपाई म्हणून घरच्या म्हशीचं धारोष्ण दूध, खास बब्रुवानसाठी. त्या घरातून त्याच्या वस्तीत दूध जाणं ही साधी गोष्ट नव्हती. परत केलं तर अपमान, आणि प्यावं तर डॉक्टरांची मनाई.

बब्रुवाननं फडकं सोडलं, थोडा विचार केला, आणि सवयीनं त्यातला नमुना नळीत घेतला. तेजाब घातलं, यंत्रात लावून सावकाश फिरवलं. मग नळी उजेडात धरली. पिवळा थर वर चढून साडेसातावर थांबला.

आण्णासाहेबांच्या क्यानला सोसायटीत गेले कित्येक दिवस पाच लागत होती. म्हैस एकच, चाराही तोच. मी बब्रुवानकडे बघितलं.

“बब्रुवान, घरी साडेसात आणि सोसायटीत पाच?”

“दिसतंय खरं.”

“मग मधे काय मिसळतं? पाणीच ना? सांग सभेत!”

त्यानं नळी धुवायला बादलीत टाकली. “बाई, माझ्या डोळ्यावर बघून गावानं ठरवलं. आता म्या एका लोट्यावर ठरवू? ह्या दुधाला आज हितं लागली. त्या क्यानला उद्या काय लागंल ती लागंल. म्या लिवतो तेवढंच.”

उरलेलं दूध त्यानं शेजारच्या बाळंतिणीकडे पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून आण्णासाहेबांच्या क्यानला साडेसहा लागू लागली. त्यांना कुणी काय सांगितलं, मला माहीत नाही. मी तर कुणाला बोलले नव्हते. माणिकप्पा त्या दिवशी दाराआड उभा होता, एवढं मी लिहून ठेवलं आहे.

बब्रुवान त्यानंतर तीन उन्हाळे जगला. एका सकाळी सोसायटीचं कुलूप काढता काढता खाली बसला, बापासारखाच. माती झाली त्या दिवशी लोक परतत होते, तेव्हा माझ्या पुढे चालणाऱ्या दोघांतला एक हळूच म्हणाला, “काय म्हणा, शेवटी सायच बाधली.”

भिमाबाई माझ्या शेजारून चालत होती. तिनं ते ऐकलं. वाटेतच थांबून तिनं चपला काढून हातात घेतल्या, त्या दोघांना मागं टाकलं, आणि त्यांच्या पुढे, टाचा त्यांना दिसत राहतील अशी, अनवाणी चालत राहिली.